कुंपणापर्यंतची तपासणी

दहा हेक्टरांचा एक भूखंड घेऊ. त्यावर एक लाख चौरस मीटर बांधकामाचा बिझनेस पार्क उभा करायचा आहे. म्हणजे चटईक्षेत्र निर्देशांक, ज्याला सगळे एफएसआय म्हणतात, तो जेमतेम एक. आजच्या मानाने ही अगदीच माफक मागणी झाली. राष्ट्रीय इमारत संहिता कार्यालयांसाठी माणशी दहा चौरस मीटर जागा धरते. हा आकडा मुळात आग लागल्यावर जिने किती रुंद हवेत हे ठरवण्यासाठी आहे, पण आपले काम भागेल. तेव्हा या पार्कात दहा हजार माणसे. त्यांपैकी निम्मी सकाळच्या एका तासात येतात असे मानू: अडीच हजार आपापल्या दुचाकीवर, एक हजार मोटारीत एकेकटी, आणि उरलेली दीड हजार बसने, एका बसला चाळीस या हिशेबाने.

रस्त्यावरची वाहने मोजताना अभियंते ती सगळी मोटारीच्या मापात आणतात. इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९९० च्या मार्गदर्शिकेप्रमाणे दुचाक्यांचे प्रमाण मोठे असेल तर एक दुचाकी म्हणजे पाऊण मोटार, आणि बस म्हणजे ३.७ मोटारी. मग दुचाक्यांच्या झाल्या १,८७५, मोटारी १,०००, आणि अडतीस बसच्या १४०. बेरीज तीन हजारांच्या वर. तीच मार्गदर्शिका सांगते की दुभाजक असलेल्या चौपदरी शहरी हमरस्त्याची क्षमता दोन्ही दिशा मिळून तासाला ३,६०० मोटारी. सकाळी सगळे एकाच दिशेने येतात, त्यामुळे आपल्या वाट्याला निम्मा रस्ता, १,८००. तोही कडेला वाहने उभी नसलेला आणि फारसे फाटे न फुटलेला. म्हणजे एकट्या आपल्या माफक पार्कने अख्ख्या हमरस्त्याची एक बाजू दीडपटीहून जास्त भरून टाकली. रस्त्यावर आधीपासून असलेल्या माणसांचा हिशेब अजून केलेलाच नाही. हीच पाच हजार माणसे बसने आली असती तर सव्वाशे बस लागल्या असत्या, मोटारीच्या मापात साडेचारशेच्या आसपास. त्याच बाजूचा पाव भाग.

हे गणित शाळकरी मुलाला जमेल असे आहे. पार्कचा प्रस्ताव मंजुरीसाठी येतो तेव्हा ते कोणाच्या टेबलावर मांडले जाते, याचा शोध मात्र सोपा नाही. या प्रकरणात तोच घ्यायचा आहे.

महाराष्ट्रात अशा प्रस्तावाचा कायदेशीर पाया म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६, बोलीभाषेत एमआरटीपी. कलम ४४ खाली जमीनमालक किंवा विकासक अर्ज करतो, कलम ४५ खाली नियोजन प्राधिकरण परवानगी देते, अटींसह देते किंवा नाकारते. साठ दिवसांत काहीच कळवले नाही तर, प्रस्ताव नियमांत बसत असल्यास, परवानगी मिळाली असे मानले जाते. याला मानीव परवानगी म्हणतात. नाकारल्यास कलम ४७ खाली शासनाकडे अपील करता येते. परवानगी एक वर्ष टिकते, पुढे मुदतवाढ घेत राहावी लागते.

यात कळीचे कलम ४६ आहे. निर्णय घेताना प्राधिकरणाने मंजूर किंवा प्रारूप विकास आराखड्याचा विचार करायचा, असे ते सांगते. व्यवहारात त्याचा अर्थ असा की भूखंड आराखड्यात योग्य झोनमध्ये असेल आणि नकाशा विकास नियंत्रण नियमावलीत बसत असेल, तर अधिकाऱ्याला नाही म्हणायला जागा उरत नाही. मुंबई आणि काही वेगळी क्षेत्रे वगळता राज्यभर २०२० च्या डिसेंबरपासून एकच एकत्रीकृत नियमावली लागू आहे. नगररचना विभागातला अभियंता किंवा रचनाकार ती समोर ठेवून बघतो: सातबारा किंवा मिळकतपत्रिका आहे का, मोजणी नकाशातले क्षेत्र आणि कागदावरचे क्षेत्र जुळते का, समोरचा रस्ता किती रुंद, त्या रुंदीवर किती एफएसआय, चारी बाजूंची सामासिक अंतरे, जिने, लिफ्ट, अग्निशमनाचा बंब फिरेल इतकी मोकळी जागा, मोकळ्या मैदानाचा वाटा, पार्किंग. अग्निशमन दलाचा ना हरकत दाखला, उंची जास्त असेल तर विमानतळ प्राधिकरणाचा. हल्ली बऱ्याच ठिकाणी नकाशा ठरावीक थरांत आणि ठरावीक रंगांत काढून संगणकाला द्यावा लागतो, आणि ऑटोडीसीआरसारखी प्रणाली अंतरे आणि क्षेत्रफळे स्वतः मोजते. पूर्वी पट्टी लावून दिवसच्या दिवस चालणारे काम मिनिटांत होते. वाद घालायलाही वाव कमी.

अधिकाऱ्याच्या हातात स्वेच्छाधिकार कमी असणे ही मुळात चांगलीच गोष्ट. मंजुरीच्या फायलीत ‘अधिकाऱ्याच्या मते’ हे शब्द जितके जास्त, तितके टेबलाखालचे व्यवहार जास्त, हे कोणा बिल्डरला समजावून सांगावे लागत नाही. पण त्याची किंमतही आहे. संगणक काय किंवा अभियंता काय, दोघेही भूखंडाच्या हद्दीच्या आतले मोजतात. हद्दीबाहेरचे एकच माप या तपासणीत येते, समोरच्या रस्त्याची रुंदी. तो रस्ता पुढे कुठे जातो, पुलाखाली अरुंद होतो का, चौकात कोंडतो का, हे रुंदीच्या आकड्यातून कळत नाही. रस्ता जितका रुंद तितका एफएसआय जास्त, हे तत्त्व वरवर शहाणपणाचे वाटते. एकाच रुंद रस्त्यावर वीस भूखंड असतील तर तीच रुंदी वीसदा मोजली जाते, इतकेच.

पार्किंगचे तर उलटेच झाले आहे. नियम किमान पार्किंग मागतात, आणि विकासक ते तळघरांचे मजले खणून देतो. तपासणीच्या तक्त्यात त्यापुढे ‘पूर्तता’ असे लिहिले जाते. पण पार्किंगची प्रत्येक जागा म्हणजे सकाळी रस्त्यावर येणारी एक मोटार. नियम पाळूनच कोंडी वाढवता येते, याचे इतके स्वच्छ उदाहरण दुसरे नसेल.

मोठ्या प्रकल्पांना दुसरी एक चाळणी असते, ती पर्यावरण मंजुरीची. केंद्र सरकारच्या १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेने ती आणली. बांधकाम २०,००० चौरस मीटरच्या वर गेले की राज्यस्तरीय पर्यावरण आघात मूल्यांकन प्राधिकरणाची पूर्वमंजुरी लागते, आणि त्याआधी तज्ज्ञ समिती प्रस्ताव तपासते. दीड लाख चौरस मीटर किंवा ५० हेक्टरांच्या वर गेले की तो मोठ्या गटात जातो. आपला एक लाखाचा पार्क लहान गटात. इथे प्रश्न बरेच बरे विचारले जातात. पाणी कुठून आणणार? कार्यालयात माणशी रोज ४५ लिटर हे प्रचलित माप. दहा हजार माणसांना साडेचार लाख लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे पंचेचाळीस टँकर. सांडपाण्याचे काय? कचऱ्याचे? वाहतुकीचाही प्रश्न अर्जात आहे: सध्याची व्यवस्था कशी, ये-जा कुठून, सुधारणा काय सुचवता.

उत्तरे देणारा मात्र अर्जदाराने नेमलेला सल्लागार असतो. लहान गटाला सविस्तर आघात अहवालही लागत नाही, अर्ज आणि संकल्पना आराखड्यावर काम भागते. आणि फारशी चर्चा न झालेली गोष्ट अशी की याच अधिसूचनेने इमारत, बांधकाम आणि क्षेत्रविकासाच्या प्रकल्पांना जनसुनावणीतून सूट दिली आहे. एखाद्या खाणीसाठी किंवा रासायनिक कारखान्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या उपस्थितीत मंडप घालून गावाला बोलवावे लागते. दहा हजार माणसे रोज गावाच्या रस्त्यावर आणणाऱ्या पार्कासाठी कोणालाही बोलवावे लागत नाही. २००६ साली या सवलतीमागे बांधकाम क्षेत्राला गती देण्याचा विचार असणार आणि एका इमारतीसाठी तो पटतोही. अशा वीस इमारतींचे शहर होते तेव्हा प्रत्येक अर्जात आपला आघात किरकोळ ठरतो आणि बेरजेचा धनी कोणी उरत नाही.

ही बेरीज पाहायची तर हिंजवडीला जावे.

पुण्याच्या पश्चिमेला मुळशी तालुक्यातले हे गाव. शरद पवार जाहीर कार्यक्रमांतून अनेकदा सांगतात की ते इथे साखर कारखान्याच्या समारंभाला आले होते आणि त्यांनी कारखाना दुसरीकडे हलवायला लावून इथे आयटी पार्क करायचे ठरवले. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस राजीव गांधी इन्फोटेक पार्क उभा राहू लागला. टप्प्याटप्प्याने, म्हणजे तिथल्या भाषेत फेज एक, दोन, तीन असा तो माण आणि मारुंजीच्या हद्दीत पसरत गेला. मुंबई-बेंगळुरू महामार्गाचा बाह्यवळण रस्ता जवळ, मुंबईला जाणारा द्रुतगती मार्गही जवळ, माळरान स्वस्त. उद्योगाच्या नजरेने जागा उत्तम निवडली होती, हे आजही मान्य करावे लागते.

पण हिंजवडी कोणाची? पार्कची जमीन महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची, एमआयडीसीची. आपल्या अधिसूचित क्षेत्रात एमआयडीसीच नियोजन प्राधिकरण आहे. रस्ते, पाणी, भूखंडांचे वाटप आणि बांधकामाचे नकाशे मंजूर करणे हे सगळे तिच्याचकडे. क्षेत्राची हद्द संपली की गाव सुरू होते आणि गावात ग्रामपंचायत. भोवतालच्या मोठ्या प्रदेशाचे नियोजन २०१५ मध्ये स्थापन झालेल्या पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे, म्हणजे पीएमआरडीएकडे. वाकडची बाजू पिंपरी-चिंचवड महापालिकेची, बाणेर-बालेवाडीची बाजू पुणे महापालिकेची. महामार्ग राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचा. सकाळी वाकडहून फेज तीनला निघालेला माणूस तासाभरात यांतल्या निम्म्या कार्यालयांची हद्द ओलांडतो, आणि वाटेतल्या भूमकर चौकात अडकून पडतो तेव्हा तो नेमका कोणाच्या अखत्यारीत अडकला आहे हे सांगायला जाणकार लागतो.

एमआयडीसीने आपल्या क्षेत्रात रस्ते वाईट आखले असे म्हणता येणार नाही. फेज एकच्या आतले रस्ते गावाकडच्या मापाने ऐसपैस आहेत. कोंडी होते ती त्या रस्त्यांच्या तोंडाशी. एखाद्या पार्कचा नकाशा आला, तो एमआयडीसीच्या नियमांत बसला, एमआयडीसीने मंजूर केला. चौक तिच्या हद्दीत नव्हता, त्यामुळे तो तपासणीतही नव्हता. दुसऱ्या बाजूला हद्दीबाहेरच्या गावांत आयटीवाल्यांसाठी गृहप्रकल्पांचे टॉवर उठू लागले. त्यांचे नकाशे आधी जिल्हाधिकारी आणि नगररचना विभागाकडे, नंतर पीएमआरडीएकडे. त्यांच्याही तपासणीत समोरच्या रस्त्याची रुंदी होती. दोन्हीकडच्या फायली आपापल्या जागी स्वच्छ.

माण-हिंजवडी ते शिवाजीनगर मेट्रोचे भूमिपूजन डिसेंबर २०१८ मध्ये झाले. सुमारे २३ किलोमीटर, २३ स्थानके. म्हणजे कार्यालये आधी आणि ती चालवणारी वाहतूक दोन दशकांनी. मधल्या काळात पूल, भुयारी मार्ग, एकेरी फेरे, कंपन्यांच्या पाळ्या बदलणे असे सगळे करून पाहिले गेले. वाहतूक पोलिसांनी ते प्रामाणिकपणे केले, पण चौकात उभा असलेला हवालदार एफएसआय कमी करू शकत नाही.

पाण्याची गोष्ट वेगळी नाही. आपल्या दहा हेक्टरांवर तासाला ५० मिलिमीटर पाऊस पडला तर पाच हजार घनमीटर पाणी उतरते. माळरान असताना त्यातले साधारण तीस टक्के वाहून जात असेल तर दीड हजार घनमीटर ओढ्याला मिळते. छपरे, डांबर आणि पेव्हर ब्लॉक आले की हेच प्रमाण ऐंशी-पंच्याऐंशी टक्क्यांवर जाते, चार हजारांच्या वर. ओढा मात्र तोच राहतो, किंवा भराव पडून अरुंद होतो. २०२५ च्या पावसाळ्याच्या सुरुवातीला हिंजवडीचे रस्ते ओढ्यांसारखे वाहिले. मग नैसर्गिक ओढे-नाले अडवल्याबद्दल बांधकाम करणाऱ्यांना नोटिसा गेल्या, मंत्र्यांचे पहाटेचे पाहणी दौरे झाले, आणि विखुरलेल्या यंत्रणांचा समन्वय एकाच ठिकाणी सोपवावा असे सरकारला ठरवावे लागले. ज्या बांधकामांना नोटिसा गेल्या त्यांतल्या अनेकांकडे रीतसर परवानगी असणार. परवानगीच्या नकाशावर ओढा भूखंडाच्या कडेने शिस्तीत वाहताना दाखवलेला असतो.

हिंजवडी, माण, मारुंजी ही गावे पिंपरी-चिंचवड महापालिकेत घ्यावीत ही मागणी जुनी आहे. गावकऱ्यांत त्यावर एकमत नाही, कारण महापालिका आली की कर वाढतात आणि पाणी कधी येईल ते सांगता येत नाही. समाविष्ट गावांचा पुण्यातला अनुभव पाहता त्यांची शंका अनाठायी म्हणवत नाही.

इथे हद्दीच्या गोंधळाहून खोल असलेली एक गोष्ट सांगायला हवी. एमआयडीसी जमीन संपादित करते, भूखंड पाडते, ते भाडेपट्ट्याने देते, गुंतवणूक आणते, आणि नंतर त्याच भूखंडावरचा नकाशा तपासते. यात कोणी बेइमान असण्याची गरज नाही. पण ज्याने ग्राहक शोधून आणला, त्यालाच ग्राहकाची उलटतपासणी करायला सांगितले तर ती कितपत खोल जाईल?

मुंबईचे वांद्रे-कुर्ला संकुल याच घडणीचे. दक्षिण मुंबईत कार्यालयांची दाटी होते आहे, ती उत्तरेकडे खेचावी या विचाराने मिठी नदीकाठची दलदलीची सुमारे ३७० हेक्टर जमीन निवडली गेली, आणि १९७७ मध्ये मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाला, म्हणजे एमएमआरडीएला, तिथले विशेष नियोजन प्राधिकरण नेमले गेले. नियोजक म्हणून हेतू खरोखर चांगला होता आणि तो बऱ्याच अंशी साधलाही: राष्ट्रीय शेअर बाजार तिथे गेला, हिरे बाजार तिथे गेला, बँकांची मुख्यालये गेली. त्याच वेळी तिथले भूखंड भाडेपट्ट्याने देऊन मिळणारा पैसा प्राधिकरणाच्या प्रकल्पांचा मोठा आधार झाला. एफएसआय वाढवला की भूखंडाची किंमत वाढते, आणि एफएसआय किती असावा हे सुचवणारा तोच विक्रेता. नगररचनाकाराला यापेक्षा अवघड खुर्ची क्वचितच मिळत असेल.

संकुलाच्या दोन टोकांना वांद्रे आणि कुर्ला ही गजबजलेली स्थानके, आत मात्र रेल्वे नाही. कित्येक वर्षे लाखभर माणसांचा दिवस शेअर रिक्षाच्या रांगेत सुरू झाला. भुयारी मेट्रोचे स्थानक तिथे उघडले ऑक्टोबर २०२४ मध्ये, नेमणुकीनंतर सत्तेचाळीस वर्षांनी. आणि २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला, तेव्हा मिठीच्या काठावर काय काय भरले गेले होते याचा हिशेब माधव चितळे यांच्या अध्यक्षतेखालच्या सत्यशोधन समितीला मांडावा लागला. भराव घालण्याआधी तो मांडायचा असतो, त्यालाच नियोजनाची तपासणी म्हणतात.

तपासणारा विक्रेता नसला, की काय होते? कॅलिफोर्नियातल्या क्युपर्टिनोचे उदाहरण यासाठी मोलाचे आहे. जेमतेम साठ हजार वस्तीचे हे शहर, आणि प्रस्ताव आणणारी कंपनी अ‍ॅपल. ७ जून २०११ ला स्टीव्ह जॉब्स स्वतः नगर परिषदेपुढे उभे राहिले, पडद्यावर गोल इमारतीची चित्रे दाखवली. चार महिन्यांनी त्यांचे निधन झाले. लोकांपुढची त्यांची ती शेवटची हजेरी. त्या बैठकीचे चित्रण पाहण्यासारखे आहे. एका सदस्येने गावाला यातून काय मिळणार, मोफत वायफाय द्याल का, असे थट्टेच्या सुरात विचारले. जॉब्स यांनी आम्ही कर भरतो, बाकीचे शहराने करावे, अशा अर्थाचे उत्तर दिले, आणि जागा मिळाली नाही तर माउंटन व्ह्यूसारख्या ठिकाणी जावे लागेल हेही ऐकवले. कंपन्या दुसरीकडे जातील ही भीती आपल्याकडे बेंगळुरू-हैदराबादच्या नावाने घातली जाते. तिथे गाव काही मैलांवरचे होते, इतकाच फरक.

सदस्यांनी कौतुकही भरपूर केले. मंजुरी मात्र २०१३ च्या अखेरीस आली, जवळपास अडीच वर्षांनी. कॅलिफोर्नियाच्या १९७० च्या पर्यावरण गुणवत्ता कायद्याप्रमाणे शहराने पर्यावरण आघात अहवाल करवून घेतला. खर्च अर्जदाराचा, पण अहवाल शहराचा. सल्लागार शहराला उत्तरदायी. त्यात शेजारच्या सनीव्हेल आणि सांता क्लारा या शहरांतले चौकही तपासले गेले, म्हणजे हद्द ओलांडून. मसुदा लोकांपुढे ठेवला गेला, आलेल्या प्रत्येक हरकतीला लेखी उत्तर देणे बंधनकारक होते. १७६ एकरांवर सुमारे बारा हजार कर्मचारी येणार होते. मध्ये येणारा प्रुनरिज अव्हेन्यू हा सार्वजनिक रस्ता कंपनीला बंद करून हवा होता, तोही मिळाला. त्याबदल्यात एकट्याने मोटार घेऊन येणे टाळणाऱ्या कर्मचाऱ्यांचे प्रमाण २८ टक्क्यांवरून ३४ टक्क्यांवर नेण्याची हमी कंपनीने दिली, आणि शहर तिला विक्रीकराचा जो वाटा परत करत असे तो ५० टक्क्यांवरून ३५ टक्क्यांवर आणला गेला.

मला यात सर्वांत लक्षणीय वाटते ती वेगळीच तरतूद. काही चौकांवरचा ताण कितीही उपाय केले तरी राहणारच, असे अहवालाने सरळ लिहिले. मग नगर परिषदेला स्वतंत्र निवेदन मंजूर करावे लागले की हा त्रास आम्हाला माहीत आहे, आणि अमुक फायद्यांसाठी आम्ही तो पत्करतो. निवेदनावर मत देणाऱ्यांची नावे नोंदली जातात. त्रास टळला नाही, पण तो कोणी पत्करला हे कागदावर राहिले. आपल्याकडे कोंडी नेहमी आपोआप झालेली असते.

तरी कॅलिफोर्नियाचा कायदा डोक्यावर घेऊन नाचण्यासारखाही नाही. शेजारी नको असणाऱ्यांनी तोच कायदा वापरून घरांचे प्रकल्प वर्षानुवर्षे रोखले. त्या पट्ट्यात कार्यालये वाढली आणि घरे वाढली नाहीत, भाडी आकाशाला भिडली, आणि अखेर २०२५ मध्ये राज्याला शहरांतर्गत गृहप्रकल्पांना त्या कायद्यातून मोठी सूट द्यावी लागली. बारा हजार माणसे काम कुठे करणार याची तपासणी बारकाईने झाली; ती राहणार कुठे, हा प्रश्न शेजारच्या गावांवर ढकलला गेला. म्हणजे हद्द त्यांनाही पुरती सुटली नाही.

आपल्या कायद्यात लोकांना विचारण्याची जागा आहे, पण ती प्रकल्पाच्या वेळी येत नाही. ती येते विकास आराखड्याच्या वेळी. प्रारूप आराखडा प्रसिद्ध होतो, कलम २६ खाली हरकती-सूचना मागवल्या जातात, सुनावणी होते. आराखडा वीस वर्षांतून किमान एकदा सुधारायचा असतो. म्हणजे नागरिकाला विचारण्याचा प्रसंग पिढीतून एकदा. कुठला झोन व्यापारी, कुठला औद्योगिक, कुठून रस्ता, हे त्या वेळी एकदा ठरले की पुढचा प्रत्येक पार्क हे केवळ नियमांत बसण्याचे प्रकरण होते. आपल्या घराशेजारी पार्क येतो आहे हे लोकांना कळते ते पत्र्याचे कुंपण लागल्यावर, आणि हरकतीची मुदत तर कधीच सरलेली असते.

हिंजवडीच्या भोवतालच्या प्रदेशासाठी ही वेळ २०२१ मध्ये आली. पीएमआरडीएने जुलैअखेर प्रारूप आराखडा प्रसिद्ध केला. साठ हजारांहून अधिक हरकती-सूचना आल्या. लोकांना नियोजनात रस नाही असे म्हणणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा. सुनावण्या झाल्या, प्रकरण न्यायालयात गेले, आणि २०२५ मध्ये सरकारने तो आराखडाच रद्द करण्याचे ठरवले. आराखड्यावरचे आक्षेप गंभीर होते, त्यामुळे रद्द होण्याचे दुःख सगळ्यांना झाले नसेल. पण तोवर त्या प्रदेशातल्या इमारतींचे नकाशे मंजूर व्हायचे थांबले नव्हते. प्रादेशिक योजना आणि नियमावली होतीच, आणि समोरच्या रस्त्याची रुंदी मोजता येत होती.

मग शेजारी येऊ घातलेल्या पार्कबद्दल ज्याला खरोखर जाणून घ्यायचे आहे त्याने काय वाचावे? मंजूर नकाशा आणि परवानगीचे पत्र माहिती अधिकारात मिळते. त्याहून उपयोगी पर्यावरण मंजुरीची कागदपत्रे, कारण त्यांत माणसे, पाणी, सांडपाणी आणि वाहनांचे आकडे अर्जदाराने स्वतःच्या सहीने दिलेले असतात. केंद्राच्या परिवेश या संकेतस्थळावर प्रस्ताव सापडतो, तज्ज्ञ समितीच्या बैठकांची इतिवृत्तेही सापडतात. इतिवृत्ते कंटाळवाणी वाटतात, पण सदस्यांनी कुठला प्रश्न विचारला आणि पुढच्या बैठकीला तो कसा मिटला, हे बघण्यासारखे असते. आधी अर्जातली एकूण माणसे बघावीत, मग मोटारी आणि दुचाक्यांच्या जागा बघाव्यात, आणि या प्रकरणाच्या सुरुवातीचा हिशेब स्वतः करून बघावा. दोन्ही आकडे त्याच फायलीत असतात, बहुधा वेगवेगळ्या पानांवर.

मंजुरी मिळाल्यावर काम संपत नाही. अटींची पूर्तता झाली की नाही याचा अहवाल प्रकल्पधारकाने दर सहा महिन्यांनी, १ जूनला आणि १ डिसेंबरला, द्यायचा असतो, आणि तो सार्वजनिक दस्तऐवज मानला जातो. एका रकान्यात अट, समोरच्या रकान्यात पूर्तता. ओढ्याबद्दलच्या अटीसमोर काय लिहिले आहे ते पावसाळ्यात, ओढ्याच्या काठावर उभे राहून वाचता येते.